आवाज नंतर टाकतो

ज्या माणसाने माझ्या वडिलांचा आवाज पुसला त्याचा मला अजून राग येतो, आणि तो जावा असं मला वाटतही नाही. वय झालं की माणूस निवळतो म्हणतात. मी काही निवळले नाही. नंदूशेठ मनाने वाईट नव्हता, हे सांगायला आमच्या घरातले सगळे पुढे सरसावतात. माझी थोरली बहीण, सुजाताताई, तर त्याची बाजू घेऊन माझ्याशी भांडते. वाईट नव्हता म्हणे. वाईट असता तर परवडलं असतं, निदान आपण काय करतोय ते त्याला कळलं तरी असतं.

आम्ही नगरजवळच्या केडगावात राहायचो, पुणे रस्त्यापासून थोडं आत. रस्त्यावरच्या ट्रकांचा गिअर बदलल्याचा आवाज घरात यायचा, पण तो ऐकू यायचा फक्त अण्णा, म्हणजे माझे वडील, कामावर गेले की. अण्णा घरात असले की दुसरं काही ऐकू येत नसे. एमआयडीसीत ते फिटर होते, दिवसभर यंत्रांच्या वर आवाज चढवून बोलायची सवय, आणि मुळातच गळा असा की कोपऱ्यावरच्या टपरीवर कुणाशी बोलले तरी आईला कळायचं, आता भाकरी टाकायला हरकत नाही. रविवारी शिपी आमटी असायची, मिश्र डाळींची, तिखटजाळ, वर तेलाचा तवंग. ती बाजरीच्या भाकरीत कालवता कालवता अण्णांचं बोलणं चालूच. आई म्हणायची, "आधी गिळा, मंग बोला." ते गिळायचे आणि बोलायचे. आमच्या बौद्ध समाजात लग्न लावायला विधी येणारा आणि ज्याच्या शब्दाला चार माणसं मान देतात असा एखादा घरसंसारी माणूस उभा राहतो, त्याला बौद्धाचार्य म्हणतात. आसपासच्या वस्त्यांमध्ये ते काम अण्णांचं. पांढरा शर्ट घालून, बुद्धमूर्तीसमोर उभं राहून ते "माझ्या मागून म्हणा" असं म्हणाले, की मांडवातला आचारीसुद्धा झारा थांबवायचा. माईक बंद पडला तर अण्णांना उलट बरंच वाटायचं.

ताईचं लग्न त्यांनी स्वतः लावलं. मुलगा राजूरचा, शिक्षक. शूटिंग नंदूशेठला दिलं होतं. नगरला जुन्या स्टँडकडे त्याचा स्टुडिओ होता आणि शहरात त्याच्या मिक्सिंगचं नाव होतं. आता ज्याला सगळे एडिटिंग म्हणतात त्याला तेव्हा मिक्सिंग म्हणत. शूटिंगची कॅसेट एका व्हीसीआरमध्ये, कोरी दुसऱ्यात, आणि मध्ये एक अमिगा नावाचा कॉम्प्युटर, ज्याचं सगळं यंत्र कीबोर्डच्याच पोटात असायचं. त्याच्यावरून गुलाब उमलायचे, बदाम फिरायचे, बदामातून नवरी बाहेर यायची. लोक लग्नापेक्षा मिक्सिंगची वाट जास्त बघायचे. आमची कॅसेट आली त्या संध्याकाळी आम्ही व्हीसीआर भाड्याने आणला आणि निम्मी गल्ली आमच्या घरात बसली. पडद्यावर आधी आला गणपती. मग स्वस्तिक, मग कलश, मग नारळ. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मग विधी आला. अण्णा उभे, समोर बुद्धमूर्ती, अण्णांचं तोंड उघडलं, आणि त्यातून बाहेर आली सनई आणि मंगलाष्टकं. अण्णांचे ओठ हलतायत, हात वर होतोय, आणि भलत्याच कुणाचा तरी गोड गळा शुभमंगल म्हणतोय. मागे कुणीतरी फिसकन हसलं. अण्णा उठले, टीव्ही बंद केला आणि म्हणाले, "जेवून घ्या समद्यांनी."

दुसऱ्या दिवशी अण्णा आणि मी स्टुडिओत गेलो. मला वाटलं होतं अण्णा फाडून खातील. ते शांतपणे विचारत होते आणि माझ्या मात्र अंगाचा तिळपापड होत होता.

"आमचा इधी कुटं गेला?" अण्णांनी विचारलं.

"हाय की. समदा घेतलाय," नंदूशेठ म्हणाला.

"आवाज."

"आवाज मी कुणाचाच ठेवत न्हाई, अण्णा. पोरं रडत्यात, आचारी वरडतो, लई गोंगाट. शूटिंगला नुस्तं चित्र बघायचं, आवाज नंतर टाकतो. लग्नाचं समदं कॉम्प्युटरात सेट करून ठिवलंय. गनपती, कलश, मंगलाष्टक. सगळ्यांनाच तेच लावतो."

"आमच्यात ते नसतं," मी म्हणाले.

"मंग इचारायचं न्हाई का आदी? तुमच्यात काय असतं, मला कसं कळायचं, ताई?" आणि तो खरंच आमच्याकडे उत्तरासाठी बघत होता. आम्ही विचारायचं होतं. स्वतःच्या बापाचा आवाज राहू द्या म्हणून आम्ही आधी विनंती करायची होती. मी म्हणाले, मूळ कॅसेट द्या. तर तिच्यावर कुणाच्या तरी जावळाचं शूटिंग झालं होतं. मूळ कॅसेट कुणीच ठेवत नसे, कामाची ती पद्धतच होती. नंदूशेठनं भरपाई म्हणून शेवटी एक छानसं गाणं घालून देतो म्हटलं. अण्णा उठले आणि मला म्हणाले, "चल रत्ने." रस्त्यात ते एवढंच बोलले, की पुढच्या लग्नाला आपण आधी सांगू.

पुढचं लग्न यायच्या आतच त्यांचा घसा बसला. आधी काढे झाले, मग गुळण्या, मग पुण्याचं हॉस्पिटल. कॅन्सर होता. जीव वाचला, स्वरयंत्र गेलं. गळ्याला भोक आणि त्याच्यावर पांढऱ्या फडक्याची चौकोनी घडी. आमच्या घरात दिवसभर ट्रक ऐकू यायला लागले. आमटी बंद झाली, दुधात कुस्करलेली भाकरी सुरू झाली. काही हवं असलं की अण्णा स्टीलचा पेला फरशीवर आपटायचे. आई दोघांचं एकटीच बोलायला लागली, म्हणजे त्यांच्या वतीने प्रश्न विचारायची आणि त्याचं उत्तरही द्यायची. मला ते ऐकवत नसे. मी बी.कॉम. करून नगरला कॉम्प्युटरच्या क्लासला जात होते, तिथे उगाच उशिरापर्यंत बसून राहायचे. शेजारी किसनकाका राहायचे. त्यांच्या मुलीचं, भाग्यश्रीचं, लग्न ठरलं. ते घरी आले, बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "अण्णा, तुमी पुढं खुर्चीवर बसा. इधीला राहुरीकडचा मानूस सांगितलाय." चांगुलपणानेच म्हणाले. किसनकाका गेल्यावर अण्णांनी पेला आपटला नाही, भिंतीवर फेकला. भिंतीचा टवका उडाला, ती जागा आईनं कॅलेंडरखाली झाकली.

त्याच सुमाराला मी ताईकडे राजूरला गेले. तिच्या सासूबाईंच्या शोकेसमध्ये काचेच्या घोड्याशेजारी एक सीडी उभी करून ठेवली होती. छान चमकते म्हणून. विचारलं तर म्हणाल्या, लग्नात ताईच्या मामेसासऱ्यांनी छोट्या कॅमेऱ्यावर थोडं शूटिंग केलं होतं, पुण्याच्या त्यांच्या जाहिरातीच्या ऑफिसात सीडीवर उतरवलं आणि देऊन टाकलं. मामा नंतर मस्कतला गेले नोकरीला, कॅमेरा ऑफिसचा होता, तो ऑफिसात राहिला. ताईकडे सीडी लावायला काहीच नव्हतं, म्हणून कुणी ती बघितलीच नाही. मी सीडी ओढणीत गुंडाळली आणि मिळेल त्या एसटीने परत निघाले.

क्लासच्या सरांनी सीडी घातली, दोनदा बटण दाबलं आणि म्हणाले, "रिकामी आहे. कुणीतरी तुला कोरी सीडी दिली." मी म्हणाले, सर, मागून बघा, मधल्या भागाचा रंग वेगळा दिसतोय, बाहेरच्या भागाचा वेगळा. म्हणजे काहीतरी भरलंय तिच्यात. तर म्हणाले, "तू मला शिकवणार का आता?" नसेल माहिती तर नाही म्हणावं माणसाने. त्यांनी रिकामी म्हटलं. त्या विंडोजवाल्या कॉम्प्युटरला वाचता येत नाही म्हणजे त्याच्यावर काहीच नाही, असा सरळ हिशोब. नंदूशेठनंही काय वेगळं केलं होतं. सावेडीतल्या दुकानांमध्ये फिरले, तर एकाने आधी मशीन घ्या म्हणून सांगितलं आणि दुसरा म्हणाला, "भावाला पाठव, त्याला नीट समजावून सांगतो." मला भाऊ नाही. असता तरी मी पाठवला नसता.

शेवटी नाक मुठीत धरून नंदूशेठकडेच गेले. इथे ताई नेहमी मला टोकते, बघ, त्यानेच मदत केली. केली. त्याने सीडी उलटीपालटी केली, अमिगाकडे बघून म्हणाला, "ह्याच्यात फक्त फ्लॉपी जाती." मग सीडी कुठून आली ते माझ्याकडून ऐकून, डोकं खाजवून म्हणाला, "पुण्याच्या जाहिरातवाल्यांकडं मॅक असतो, येगळ्या जातीचा कॉम्प्युटर. आपल्याकडं पत्रिका छापनाऱ्याकडं हाय एक. तिथं बघ." त्याला त्यात काही वाटलं नाही. कशासाठी पाहिजे तेही त्याने विचारलं नाही. मी आभार न मानता पायऱ्या उतरले आणि आजही मला त्याचं वाईट वाटत नाही.

पत्रिका छापणारी ती प्रेस दिल्ली गेटच्या अलीकडे होती. मॅकवर शबाना बसायची, माझ्याच वयाची, दिवसभर लोकांच्या लग्नपत्रिका टाइप करायची. तिने सीडी आत सरकवली आणि पडद्यावर लगेच सीडीचं छोटं चित्र उमटलं. रिकामी म्हणे. शबानाने फाईल उघडली. पोस्टाच्या तिकिटापेक्षा जरा मोठी खिडकी, तिच्यात आमचा मांडव, लांबवर अण्णा, आणि त्यांचा आवाज. पण मशीन जुनं होतं, चित्र ओढता ओढता दमायचं, चित्र अडकलं की आवाजही अडकायचा. अर्धा शब्द यायचा, मग थांबायचं, मग पुढच्या वाक्याचा मधलाच तुकडा. मी खुर्चीची पाठ धरून उभी होते. तेवढ्यात मालक आला आणि ओरडला, "ही काय टॉकीज हाय का?" शबानाने खिडकी मिटली. मला दारापर्यंत सोडायला आली तेव्हा हळूच म्हणाली, "ह्यातून नुसता आवाज बाहेर काढणारं सॉफ्टवेअर मिळव. अन् शेठ जेवायला घरी जातात तेव्हा ये."

आता भाचा फोनवर अंगठा फिरवतो आणि चित्रातून आवाज सुटा होतो. मी त्याला हे सांगायला लागले की म्हणतो, मावशी, एवढ्याशा कामाला? त्याला कसं सांगू की तेव्हा त्या सॉफ्टवेअरचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं. विंडोजचं विचारलं की दुकानदार दहा सीड्या पुढे टाकायचा, मॅकचं म्हटलं की माझ्याकडे वेड्यासारखा बघायचा. एसटी स्टँडवरच्या पेपरच्या स्टॉलवर इंग्रजी कॉम्प्युटर मासिकं यायची, प्रत्येकात एक फुकट सीडी चिकटवलेली. मी तिथे उभी राहून मागची यादी वाचायचे, स्टॉलवाला वैतागायचा. एका जुन्या अंकाच्या सीडीवर दोन भाग होते, विंडोज आणि मॅक, आणि मॅकच्या भागात कुण्या परदेशातल्या माणसाने हौसेने केलेला छोटासा प्रोग्राम. चित्राच्या फाईलमधून आवाज काढायचा आणि विंडोजला समजेल अशा फाईलमध्ये बदलायचा. थोडे दिवस वापरायला मोकळा. मी अंक घेतला आणि प्रेसपर्यंत चालत नाही, धावतच गेले.

मालक जेवायला गेला की शबाना बदलाचं काम सुरू करायची. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलाने सरकायची. एकदा मालक लवकर आला आणि सगळं मध्येच बंद करावं लागलं, मी बाहेर उन्हात उभी राहून दात-ओठ खात होते. शेवटी झालं. आवाजाचे तुकडे करून फ्लॉप्यांवर घेतले, क्लासच्या कॉम्प्युटरवर जोडले. सर मागे येऊन उभे राहिले. मी त्यांच्याकडे वळूनही बघितलं नाही. आवाज पडद्यावर दिसत होता, आडव्या रेषेवर ओळीने बाजरीची कणसं मांडावीत तसा. हेडफोनच्या भोकातून वायर काढून मी तो घरच्या टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेटवर भरला.

घरी टेप लावली तेव्हा आई पीठ मळत होती. तिचे हात परातीत तसेच राहिले. मला वाटलं होतं अण्णा रडतील. नाही रडले. बिघडलेल्या मोटरला कान लावून फिटर ऐकतो तसे ते ऐकत होते. संपल्यावर त्यांनी टेप मागे नेली, परत ऐकली. मग एका जागी बटण दाबून थांबवली, माझ्याकडे बघितलं आणि दोन बोटांची कात्री केली. तिथे अण्णा म्हणतात, "म्हण. मी, सुजाता, सगळ्यांच्या समोर वचन देते." त्यांनी सुजातावर बोट ठेवल्यासारखं हवेत दाखवलं आणि परत कात्री केली. मला कळेना. मी म्हणाले, ताईचं नाव कशाला काढायचं? त्यांनी फरशीवर हात आपटला, किसनकाकांच्या घराकडे बोट केलं, मग स्वतःच्या छातीकडे. आई परातीतले हात न काढताच म्हणाली, "अगं, भाग्यश्रीचं लगीन त्येंनाच लावायचं हाय." तिने त्यांच्या वतीने बोललेलं ते मला पहिल्यांदाच बरोबर वाटलं.

मी ताईचं नाव कापलं, जावयांचंही कापलं, आणि दोन्ही ठिकाणी अंदाजाने मोकळी जागा सोडली. किसनकाका नको म्हणत होते. राहुरीच्या माणसाला शब्द दिलाय, लोक काय म्हणतील, टेपवर कधी लग्न लागतं का. अण्णांनी त्यांना आमच्या घरी बसवून टेप ऐकवली. काका खाली मान घालून बसले आणि उठताना म्हणाले, "राहुरीला निरोप धाडतो." मला आनंदापेक्षा राग जास्त आला होता, की हे पटवायला टेप लागली, अण्णा स्वतः समोर बसलेले असताना.

लग्नाला शूटिंगवाला नंदूशेठच होता. कॅमेरा खांद्यावर घेऊन तो मांडवात शिरला तशी मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "आवाज नंतर टाकायचा नाही. जो येईल तो ठेवायचा, आणि मूळ कॅसेट माझ्या हातात द्यायची." तो म्हणाला, "बरं ताई." इतकं सोपं होतं ते. अण्णा पांढरा शर्ट घालून, गळ्याला स्वच्छ घडी लावून मूर्तीसमोर उभे राहिले. शेजारी स्टुलावर टेपरेकॉर्डर, त्याच्या तोंडाशी माईक. त्यांनी बटण दाबलं आणि लाऊडस्पीकरमधून त्यांचा आवाज वस्तीभर गेला, "माझ्या मागून म्हणा." माणसं क्षणभर गांगरली, अण्णांच्या मिटलेल्या तोंडाकडे बघत राहिली. मग पुढच्या रांगेतल्या बायकांनी सुरुवात केली आणि मागून सगळा मांडव म्हणायला लागला. त्रिसरण झालं, पंचशील झालं. मुलाचं नाव छोटं होतं, ते सोडलेल्या जागेत बसलं.

मुलीच्या वेळी माझी चूक कळली. सुजाता हे नाव जेवढं, तेवढीच जागा मी सोडली होती. भाग्यश्री लाजली, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली, तोवर आवाज पुढे निघालाही, "सगळ्यांच्या समोर." मागची पोरं हसली. मी स्टुलाकडे धावले, पण अण्णांचा अंगठा माझ्या आधी बटणावर पडला होता. आवाज थांबला. त्यांनी टेप मागे नेली, परत लावली. "म्हण. मी." आणि पुन्हा बटण दाबून धरलं. भाग्यश्रीने नाव घेतलं, पण पहिल्या रांगेपर्यंतही आलं नाही. अण्णांनी अंगठा उचलला नाही. हसणाऱ्या पोरांकडे त्यांनी असं बघितलं की ती खाली बसली. मग त्यांनी दुसरा हात कानामागे नेला आणि तिच्याकडे वाकून उभे राहिले. किसनकाका म्हणाले, "अण्णा, मुहूर्त..." आणि स्वतःच थांबले, कारण आमच्यात मुहूर्त नसतो. भाग्यश्रीने वर बघितलं, मुंडावळ्या नसलेलं मोकळं कपाळ, आणि खणखणीत आवाजात, स्वतःचं, बापाचं, आईचं, सगळं नाव एका दमात घेतलं. अण्णांनी अंगठा उचलला.